‘गलाईवाल्याला व्हिसा लागत नाही’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार ‘कृष्णाकाठ’,

खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, म्हणून टोपणनावानेच हाक मारतो. नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असताना स्वतःचा धंदा कसा उभा करावा, या माझ्या गेल्या महिन्यातल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते मी सकाळी चहाच्या आधी वाचलं. चहा गार झाला. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. बायकोही म्हणाली, “सोडा ओ, पोरगं आहे कुठलं तरी.” पण चार दिवस झाले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुमचे आक्षेप चार. एक, एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीच्या नोंदणीची फी मी जुनी लिहिली. दोन, २०२५ सालचे मोठे बदल मी गाळले. तीन, ‘कंपनी बायकोच्या नावावर आणि राबायला नवरा’ हा सल्ला पोरांना खड्ड्यात घालणारा आहे. आणि चौथा, मी लेखात व्हिसावाल्यांची तुलना गलाईवाल्यांशी, म्हणजे परगावी जाऊन सोनं वितळवून शुद्ध करणाऱ्यांशी, केली होती त्यावर, तुमच्याच शब्दांत: “साहेब, गलाईवाल्याला विट्याहून तामिळनाडूला जायला व्हिसा लागत नाही, आणि तुमच्या पाठीशी बापाचं सोनं होतं.”

फीचं आधी मिटवतो. चूक माझी. मी १० डॉलर लिहिले होते. मार्च २०२५ च्या नोंदणीपासून ती २१५ डॉलर आहे. मी २०२१ ला परत आलो तेव्हा दहाच होती, ती डोक्यात राहिली. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. पण “गुगलसुद्धा न करता पोरांना शहाणपण शिकवता” असं लिहायची गरज होती का? आकडा चुकलाय एवढं सांगितलं असतं तरी मला कळलं असतं. मला मराठी वाचता येतं.

आता सोन्याचं.

तुम्ही सांगलीकडचे आहात असं लिहिता, आणि गलाई म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही? गलाईवाल्याच्या हातात दिवसभर सोनं असतं आणि त्यातलं गुंजभरही त्याचं नसतं. सराफ जुना डाग, म्हणजे दागिना, आणून देतो, हा तो वितळवून, शुद्ध करून, कस बघून परत देतो आणि मजुरी घेतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि तुमच्या शेजारच्या साताऱ्यातले माण-खटाव इथली माणसं देशभर हेच करत पसरली. हौस म्हणून कोणी गेलं नाही. पाऊस नव्हता म्हणून गेले.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, गेले ७२ च्या दुष्काळात. वय सतरा. तामिळनाडूतल्या एका तालुक्याच्या गावी चुलत्याच्या साडूचं दुकान होतं, आठ बाय दहाची खोली. दिवसा भट्टी पेटायची तिथंच रात्री अंथरूण. मी शाळेच्या सुट्टीत जायचो तेव्हाचं मला नीट आठवतं. मुशीत डाग टाकायचा, वर टाकणखाराची चिमूट, आणि डोळे बारीक करून बघत बसायचं. शुद्ध करायला नायट्रिक ॲसिड ओतलं की पिवळा-तांबूस धूर उठायचा. तो बाहेर जायला खिडकीत एक पंखा बसवलेला होता, तोही वर्षातून दोनदा सडायचा. आण्णांची उजव्या हाताची तीन बोटं कायमची पिवळी. माझ्या आत्याच्या लग्नात अक्षता वाटताना पाव्हण्यांपैकी एकाने विचारलं होतं, “हळद आधीच लागली का?” सगळे हसले. आण्णाही हसले, आणि मग दिवसभर हात खिशात.

हे ‘बापाचं सोनं’.

राहिला व्हिसा. नव्हता, बरोबर आहे. कागद नव्हता. पण भाषा येत नाही, गावात ओळख नाही, आणि जागामालकाला हवा एक स्थानिक माणूस, जो म्हणेल की हा पळून जाणार नाही. आण्णांना पहिलं स्वतःचं दुकान मिळालं ते अशाच एका सराफाच्या शब्दावर. पुढे त्या सराफाच्या पोराशी खटका उडाला, पंधरा दिवसांत दुकान खाली करावं लागलं. शब्द गेला की जागा गेली. याला तुम्ही काय म्हणता? मी स्पॉन्सर म्हणतो. शिवाय कुठल्यातरी लांबच्या गावी चोरी झाली की दाराशी पोलीस: तुम्ही वितळवलंत ते सोनं चोरीचं होतं, भरून द्या. ही भीती विट्यातल्या कुठल्याही गलाईवाल्याच्या घरी जाऊन विचारा. मी तुलना केली ती या अर्थाने. तुम्ही ती पासपोर्टाच्या शिक्क्यावर नेऊन ठेवलीत.

आता माझं ऐका, कारण तुम्ही मला “आयतं मिळालेला” म्हटलंय. २०१८ च्या मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या माझ्या कंपनीने आमची अख्खी टीम एका फोनवर काढली. एच-१बीवाल्याची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, दुसरा दर्जा मिळवा, नाहीतर बिऱ्हाड आवरा. २०१७ च्या जानेवारीआधी तर हे ६० दिवसही नियमात नव्हते. आमच्या फ्रिजवर कालनिर्णय होतं, आईने पाठवलेलं. त्यावर मी रोज रात्री त्या दिवसावर काट मारायचो. गुढीपाडव्यावरही मारली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, तिला वाटायचं बाबा वाढदिवसाचे दिवस मोजतात. नव्या कंपनीने माझा अर्ज दाखल केला तेव्हा ५२ वी काट होती. सोनं पाठीशी असलेला माणूस रोज कॅलेंडरवर काट मारत बसत नाही, मित्रा.

हो, धंद्याच्या सुरुवातीला आण्णांनी साडेचार लाख दिले होते. ते मी मूळ लेखातच लिहिलं होतं, लपवलं नव्हतं. आणि ते उसने होते. बहुतेक परत केले आहेत.

बाकीच्या मुद्द्यांना इतकी जागा देण्यासारखं काही नाही, तरी देतो, नाहीतर उद्या म्हणाल टाळलं.

२०२५ चे बदल. माझा लेख म्हणजे बातमीपत्र नव्हतं. पण तुमच्या समाधानासाठी: १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नियमात हे स्पष्ट झालं की स्वतःच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त मालकीच्या कंपनीकडूनही एच-१बी मिळू शकतो. मात्र पहिली मंजुरी आणि पहिली मुदतवाढ फक्त १८-१८ महिन्यांची, आणि निम्म्याहून जास्त वेळ पदवीला साजेसं कामच करायचं. दुकानात गल्ल्यावर बसणं त्यात धरत नाहीत. मग सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची फी आली. देशाबाहेरून येणाऱ्या नव्या माणसाला ती बसते, आत राहून विद्यार्थ्याचा दर्जा बदलून घेणाऱ्याला नाही. झालं? जागा तेवढ्याच आहेत, वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. आणि ज्या ई-२ व्हिसावर थोडं भांडवल घालून धंदा करता येतो, तो भारतीय पासपोर्टवर मिळतच नाही, कारण तसा करार नाही. पाकिस्तानाचा आहे, बांगलादेशाचा आहे. हे तुम्हीही लिहिलं नाहीत, पण मी तुम्हाला ‘गाळलंत’ म्हणत नाही.

एल-१, म्हणजे कंपनीने आपल्याच माणसाला तिकडच्या शाखेत पाठवायचा व्हिसा, त्याविषयी एका ओळीत: इथे सांगलीत चालू कंपनी असेल, तिच्यात गेल्या तीन वर्षांपैकी सलग एक वर्ष व्यवस्थापक म्हणून काम केलं असेल, तर तिकडे शाखा काढायला एक वर्षाची पहिली मंजुरी मिळू शकते. त्यावर वेगळा लेख येणार आहे. तुम्ही थांबला असतात तर वाचला असतात.

राहिला तिसरा मुद्दा. कायदा मला ठाऊक आहे. एच-१बीवर असताना कंपनीचा मालक होता येतं, एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, नोंदवता येते, पैसा गुंतवता येतो. त्या कंपनीत काम करता येत नाही, पगार घेतला नाही तरीही नाही. मालकी वेगळी, राबणं वेगळं. मे २०१५ मध्ये एच-४वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली, तीही ज्याच्या ग्रीन कार्डसाठी मालकाने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झालाय अशाच एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला, किंवा ज्याची सहा वर्षांच्या पुढची मुदतवाढ झालीय त्याच्या. माझा आय-१४० मंजूर होता. बायकोला कामाच्या परवानगीचं कार्ड आलं, कंपनी तिच्या नावावर झाली, तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद तिने न्यू जर्सीतल्या एडिसनच्या दुकानदारांना स्वतः फिरून विकली. बर्फात, जुनी गाडी घेऊन. मी ऑफिसात होतो.

तुम्ही विचारलंय की मग लेखात “आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत डब्यांना लेबलं चिकटवायचो” हे वाक्य काय करतंय. अहो, घरातल्या टेबलावर बायको काम करतेय आणि नवरा समोर बसून टीव्ही बघतो, असं तुमच्या घरात चालतं का? आमच्या वकिलाने सांगितलं होतं, पेट्या उचलू नका, गिऱ्हाइकाचा फोन घेऊ नका, बिलावर सही करू नका. मी पेट्या उचलल्या नाहीत. फोन एखाददुसरा घेतला असेल, ती स्वयंपाकात असताना. लेबलांचं त्याने वेगळं सांगितलं नव्हतं. ‘पोरांनी हेच करावं’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही, आमचं कसं झालं ते लिहिलं. वाचणाऱ्याने आपापल्या वकिलाला विचारावं, हेही लेखात होतं. खालून दुसऱ्या परिच्छेदात.

तुम्ही स्वतः टेक्सासात ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, आहात, दोनदा लॉटरी हुकलीय, असं प्रतिक्रियेच्या शेवटी लिहिलंय. वाईट वाटलं, खरंच. पण त्याचा राग माझ्या बापावर का? पहिले १२ महिने स्वतःच्या विषयातला, स्वतःचा धंदा ओपीटीवर करता येत होता. नंतरच्या २४ महिन्यांच्या वाढीत मात्र ई-व्हेरिफाय या सरकारी तपासणी यंत्रणेत नोंद असलेला मालक लागतो, स्वतःच स्वतःचा मालक होता येत नाही. ते पहिले १२ महिने तुम्ही काय केलंत, असं मी विचारणार नाही. विचारलं तर तुम्हाला लागेल, आणि तशी भाषा मला वापरायची नाही.

‘साहेब’ मात्र नका म्हणू. त्यातली खोच कळते. आमच्याकडे विट्याच्या बाजारात ज्याला फसवायचं त्याला साहेब म्हणतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. तिच्यातलं शेवटचं वाक्य, ज्यात माझ्या बायकोच्या कार्डाचा आणि लेबलांचा उल्लेख आहे, तेवढं झाकलंय, कारण ते व्यक्तिगत आहे. आणि लेखात १० च्या जागी २१५ केलंय, ते बघून घ्या.