टायरवरच्या अक्षरांवर एवढा वेळ कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की 1/24 मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाच्या) मॉडेल गाडीवरची टायरची अक्षरं पांढऱ्या ऑइल मार्करने 10 मिनिटांत होतात, मी डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील फिल्म), ग्लॉस (चकचकीत थर), मॅट (बिनचमकीचा थर) असलं काय काय सांगून नवीन पोरांना उगाच घाबरवतो, आणि एवढं करूनही माझी अक्षरं मळकट दिसतात, खऱ्यासारखी पांढरीशुभ्र नाहीत. तिन्हीवर सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या खरंच जवळचा आहे.

आधी मार्कर. मसल कारवरचं (दमदार इंजिनच्या जुन्या अमेरिकन गाडीच्या टायरवरचं) मोठं पांढरं अक्षर सव्वा इंचाचं, म्हणजे साधारण 32 मिमी धरा, 24 ने भागलं की राहतं 1.3 मिमी. आता बारीक म्हणून मिळतो त्या मार्करचं टोकही मिमीच्या आसपास असतं, मग त्या 1.3 मिमीच्या E मधल्या फटी उरणार कुठून? अक्षरं उठावाची असतील तर त्यावर सोपा उपाय आहे, काचेच्या तुकड्यावर अ‍ॅक्रिलिकचा अगदी पातळ थर पसरायचा आणि टायरची बाजू त्यावर अलगद टेकवायची, रबर स्टॅम्पसारखा रंग फक्त वर आलेल्या भागाला लागतो. हे तर तुमच्या मार्करपेक्षाही लवकर होतं. अक्षरं उठावाची नसतील तर मात्र डिकल, ड्राय ट्रान्सफर (घासून उतरवायची अक्षरं) किंवा स्टेन्सिल लावून एअरब्रश, हाताने ते जमत नाही.

आणि ऑइल मार्करचा खरा त्रास नंतर सुरू होतो. किटमधले मऊ टायर बहुतेक व्हिनाइलचे असतात, त्यात प्लास्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं रसायन) असतो आणि तो हळूहळू बाहेर येत राहतो, त्यामुळे ऑइलचा किंवा इनॅमलचा रंग वरून सुकल्यासारखा वाटतो पण चिकट राहतो आणि मग सगळी धूळ त्यालाच. (याच प्लास्टिसायझरमुळे काही जुन्या किटमध्ये टायरने प्लास्टिकची रिमसुद्धा खाल्लेली दिसते.) म्हणून मी अ‍ॅक्रिलिकच सांगतो, तेही टायर भांड्यांच्या साबणाने धुऊन, कारण साच्यातून काढताना लावलेलं तेल वर राहिलं तर काहीच धरत नाही.

ग्लॉस कोटची पायरी मी हौस म्हणून सांगत नाही. मॅट, खरखरीत साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) डिकल ठेवलं की खाली हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसायला लागते, मग गाडी कितीही सुंदर रंगवा, नजर आधी त्या चमकणाऱ्या चौकोनावरच जाते. खाली ग्लॉस, डिकलची फिल्म अक्षराच्या जवळून कापलेली, अक्षरांची अख्खी कमान एकदम न लावता एकेक शब्द वेगळा, आणि शेवटी वरून मॅट. नवीन मुलाला हे एकदा नीट समजलं की तो घाबरत नाही, उलट त्याला कारण कळतं.

आता मळकटपणा. तो मी मुद्दाम ठेवतो. पांढऱ्या अक्षरांचे टायर कारखान्यातून निघतात तेव्हा त्या पांढऱ्यावर निळसर संरक्षक थर असतो, तो धुतला की पांढरं झळकतं हे खरं, पण काळ्या रबरातली ओझोनपासून वाचवणारी रसायनं पुढे पृष्ठभागावर येत राहतात आणि टायर तपकिरी पडतो, वर रस्त्याची धूळ. शिवाय एवढ्या छोट्या मापात शुद्ध पांढरा फार भडक दिसतो, म्हणून मी त्यात थेंबभर बफ (फिकट पिवळसर-तपकिरी रंग) मिसळतो. शोरूममधली कोरी गाडी करायची असेल तर पांढरंशुभ्र ठेवा, त्याला माझी ना नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘एवढ्या बारीक अक्षराकडे बघतंय कोण?’ इथे मात्र मी अजिबात सहमत नाही सर. रेसिंग गाडीवर टायरची अक्षरं म्हणजे तारीख असते. फॉर्म्युला वनमध्ये पिरेलीच्या टायरवरचा पिवळा रंग 2011 मध्ये सॉफ्ट (मऊ रबराचा) टायर सांगायचा, 2019 पासून तोच पिवळा म्हणजे मीडियम, आणि पांढरा तेव्हा मीडियम होता तो आता हार्ड. आणि आपल्या नारायण कार्तिकेयनची 2005 ची जॉर्डन टीमची फॉर्म्युला वन गाडी घ्या. त्या वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर तिथल्या बँकिंगवर (तिरक्या उताराच्या वळणावर) सुरक्षित नाहीत म्हणून 14 गाड्या फॉर्मेशन लॅप (शर्यतीआधीची फेरी) संपवून थेट पिटमध्ये गेल्या, शर्यतीला उरल्या 6, सगळ्या ब्रिजस्टोनवाल्या, आणि नारायण चौथा आला. त्या पिवळ्या जॉर्डनवर चुकून मिशेलिन लिहिलं तर ती गाडी त्या दिवशी धावलीच नसती! माझ्यासाठी त्या गाडीवरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द इंजिन कव्हरवर नाही, टायरवर आहे.

तुम्ही मार्करने आधीच रंगवलेले टायर वाचवायचे असतील तर कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल घेऊन पुसून बघा, पण आधी टायरच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे. व्हिनाइल पांढुरकं पडायला लागलं तर लगेच थांबा. आणि किट कुठलं आहे ते कळवा, टायरवर उठाव आहे की नाही त्यावर पुढचं सांगतो.