‘मिशिगन नो-फॉल्ट आहे, आईबाबांना वेगळा इन्शुरन्स कशाला?’

उन्हाळा जवळ आला की मिशिगनमधल्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘आपलं राज्य नो-फॉल्ट आहे. चूक कुणाचीही असो, आपल्या गाडीच्या विम्यातून गाडीतल्या सगळ्यांचा दवाखाना आयुष्यभर निघतो. आईबाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्सवर पैसे घालवू नका.’ काल माझ्या चुलत भावानेही तोच पाठवला. काका-काकू पुढच्या महिन्यात येताहेत, म्हणून हा खटाटोप.

‘आयुष्यभर’ हे एकेकाळी खरं होतं. १९७३ पासून मिशिगनच्या प्रत्येक पॉलिसीत अमर्याद उपचारखर्च असायचा. ३० मे २०१९ ला गव्हर्नर ग्रेचन व्हिटमर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि जुलै २०२० पासून ही मर्यादा आपण निवडायची झाली: अमर्याद, पाच लाख डॉलर किंवा अडीच लाख. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा असलेल्यांना पन्नास हजारही चालतात. भावाने पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला, तर ‘पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन’ म्हणजे याच उपचारखर्चाच्या कलमासमोर अडीच लाख. हप्ता कमी दिसला म्हणून त्यानेच टिक केलं होतं. आता आठवतही नव्हतं.

खरी गोम आहे ती ‘गाडीतल्या सगळ्यांचा’ या शब्दांत. विमा संहितेचं कलम ३११३ या लाभांना कोण पात्र नाही ते सांगतं. चोरलेली गाडी जाणूनबुजून वापरणारा नाही. अपघातात सापडलेली स्वतःची गाडी विम्याविना ठेवणारा नाही. आणि २०१९ पासून, जो मिशिगनचा रहिवासी नाही तोही नाही. अपवाद फक्त इथे नोंदवलेली आणि विमा उतरवलेली गाडी स्वतःच्या मालकीची असलेल्याचा. पूर्वी तुमच्या गाडीत बसलेल्या पाहुण्याला तुमच्याच विम्यातून पैसे मिळायचे. आता काका मागच्या सीटवर असोत की सकाळी पांढरे बूट घालून रस्ता ओलांडत असोत, उत्तर एकच.

यावर ग्रुपवर कुणीतरी म्हणतंच, ‘अहो, सहा महिने आपल्याच घरी राहतात, म्हणजे घरातलेच की!’ एका छपराखाली झोपलं म्हणून कुणी रहिवासी होत नाही. परतीचं तिकीट, आय-९४ वरची (अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीवरची) परत जायची तारीख, गावाकडचं घर, तिथलं पेन्शन खातं, हे सगळं विमा कंपनीचा वकील एकेक करून पुढे ठेवणार. उलट एच-१बी वर इथे संसार थाटलेल्यांनी घाबरायचं कारण नाही; त्या कलमात व्हिसाचा प्रकार लिहिलेला नाही, राहणं लिहिलंय. ग्रीन कार्ड घेऊन कायमचे राहायला आलेल्या आईवडिलांचंही प्रकरण वेगळं.

‘चूक कुणाचीही असो’? पाहुण्यांसाठी हे नेमकं उलटं झालंय. नो-फॉल्टचं दार बंद, म्हणजे चूक कुणाची हे सिद्ध करून त्याच्यावर दावा लावायचा. समोरच्याने जबाबदारीचा विमा, म्हणजे त्याच्या चुकीने दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा, माणशी पन्नास हजार डॉलरवर उतरवलेला असू शकतो. कायद्याने तेवढी मुभा आहे. गाडी तुम्हीच चालवत असाल आणि चूक तुमचीच असेल, तर काकांनी दावा लावायचा तो पोटच्या पोरावर. तोवर हॉस्पिटलची बिलं काही थांबत नाहीत.

राहिला व्हिजिटर इन्शुरन्स. तो घ्याच, पण स्वस्तातला बघून नको. काही पॉलिस्या प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम देतात, मग बिल कितीही येवो. आयसीयूत ती रक्कम चहापाण्याइतकी वाटते. एकूण मर्यादेपर्यंत बिलाचा ठरलेला टक्का देणारी बघा.

हे सगळं लिहून पाठवल्यावर भावाचा प्रश्न आला: ‘मग बाबांना सकाळी फिरायला एकटं सोडू की नको?’ सोड रे. फक्त पॉलिसी ते डेट्रॉइटला उतरल्यावर नाही, विमानात बसतील त्या तारखेपासून घे.