क्योटो मधुचंद्रामुळे वाचलं नाही

ऑगस्ट आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांचा मधुचंद्र क्योटोत झाला होता, म्हणून जपानच्या या जुन्या राजधानीवर त्यांनी अणुबॉम्ब पडू दिला नाही आणि तिथल्या मंदिरांना युद्धाची झळही लागली नाही.

आधी मधुचंद्राचं बघू. स्टिमसन यांचं लग्न १८९३ सालचं. पत्नीसह ते क्योटोला गेले १९२६ मध्ये, लग्नाला ३३ वर्षं झाल्यावर, स्वतः साठीला टेकलेले असताना. विषय संपला.

झळ लागली नाही, हेही खोटं. १६ जानेवारी १९४५ ला क्योटोतल्या उमामाची भागावर बॉम्ब पडले, २६ जूनला निशिजिन या विणकरांच्या वस्तीवर. दोन्हीकडे माणसं गेली. आजचा ऐसपैस गोजो रस्ताही आग पसरू नये म्हणून घरं पाडून रुंद केलेला आहे.

आणि मोठे हल्ले का झाले नाहीत? आदरापोटी? मे १९४५ मध्ये लॉस अलामॉसला, म्हणजे अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेत, बॉम्ब कुठे टाकायचा ते ठरवणारी लक्ष्य-समिती बसली, तेव्हा यादीत क्योटो सगळ्यात वर होतं. लोकवस्ती दहा लाख. शिवाय हे शिकल्यासवरल्या लोकांचं शहर, त्यांना या अस्त्राचा अर्थ लवकर कळेल, असं समितीच्या टिपणात चक्क लाभ म्हणून नोंदवलंय. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. शहर शाबूत राखलं जात होतं ते बॉम्बचा परिणाम नीट मोजता यावा म्हणून.

स्टिमसन यांनी ते यादीतून काढायला लावलं, आणि अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज पुन्हा पुन्हा आग्रह धरत असतानाही ते हटले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांना शहर आवडलंही असेल. पण २४ जुलैच्या डायरीत त्यांनी जे लिहिलं ते राजकारण आहे: क्योटो उद्ध्वस्त केलं तर जपानी लोकांच्या मनात इतकी कटुता राहील की युद्धानंतर ते आपल्याऐवजी रशियाकडे झुकतील. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना हे पटलं. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या आदेशात चार नावं होती: हिरोशिमा, कोकुरा, निइगाता आणि नव्याने आलेलं नागासाकी.

क्योटोतला नेम ठरला होता उमेकोजीच्या रेल्वे शेडवर. इंजिनं फिरवायचं ते चक्र आणि भोवतालची अर्धगोल शेड आजही उभी आहे, रेल्वे संग्रहालयात. तिथे लहान मुलं वाफेच्या गाडीत बसून फेरी मारतात.