बॉस्टनने 2023 मध्ये भविष्य गहाण टाकले, हा आरोप टिकत नाही

2025 च्या जूनमध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील बॉस्टन सेल्टिक्स संघाने ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या आपल्या दोन प्रमुख खेळाडूंना एकापाठोपाठ एक निरोप दिला, तेव्हापासून एक आरोपपत्र सर्वत्र फिरते आहे. त्याचा आशय असा: संघाच्या बास्केटबॉल विभागाचे प्रमुख ब्रॅड स्टीव्हन्स यांनी 2023 च्या उन्हाळ्यात मार्कस स्मार्टला, म्हणजे संघाच्या प्राणालाच, विकले, सदैव दुखापतग्रस्त असणाऱ्या पोर्झिंगिसवर पैसे उधळले, हॉलिडेसाठी अवाच्या सवा किंमत मोजली, राखीव फळी रिकामी केली, त्यातून सोप्या वाटेने जेमतेम एक अजिंक्यपद पदरात पडले आणि त्याची परतफेड म्हणून दोन वर्षांत संघ मोडावा लागला. मी सेल्टिक्सचा चाहता आहे आणि हा संघ विस्कटताना पाहून मलाही वाईट वाटले. परंतु या आरोपपत्रातील जवळजवळ प्रत्येक वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही, आणि जी एक-दोन वाक्ये खरी आहेत त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी स्मार्टविषयी, कारण सगळा राग तिथूनच सुरू होतो. स्मार्ट 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, सहाव्या क्रमांकावर निवडला गेला, नऊ हंगाम बॉस्टनकडून खेळला आणि 2022 मध्ये सर्वोत्तम बचावपटू ठरला. गॅरी पेटननंतर हा मान मिळवणारा तो पहिलाच गार्ड, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू हाताळणारा खेळाडू. त्याचे जाणे चाहत्यांच्या जिव्हारी लागले, यात काही गैर नव्हते. पण प्राण गेला म्हणणाऱ्यांनी 2023 च्या पूर्व विभागीय अंतिम फेरीकडे पुन्हा एकदा पाहावे. मायामीविरुद्ध 0–3 अशा पिछाडीवरून बॉस्टनने 3–3 अशी बरोबरी साधली आणि सातव्या सामन्यात स्वतःच्या मैदानावर 84–103 असा पराभव पत्करला. त्या रात्री तीन गुणांच्या 42 फेकींपैकी केवळ 9 बास्केटमध्ये गेल्या. पहिल्याच चालीत संघाचा सर्वांत मोठा खेळाडू जेसन टेटम याचा घोटा मुरगळला हे खरे, पण दोष एका घोट्याचा नव्हता. मायामीचा झोन बचाव (ठरावीक खेळाडूऐवजी ठरावीक जागा राखणारा) आत दाटून उभा राहत होता आणि बॉस्टनकडे त्यावरून उंचीच्या बळावर फेक करणारा कोणी नव्हता. बास्केटजवळ खेळणारा रॉबर्ट विल्यम्स मैदानावर असला की त्याचा प्रतिस्पर्धी त्याला बाहेर मोकळे सोडून खुशाल बास्केटखाली थांबू शकत होता. स्मार्टचीही त्या हंगामात तीन गुणांच्या फेकीतील यशाची टक्केवारी 34 च्या आसपास होती, त्यामुळे त्याला फेक करू देणे हा प्रतिस्पर्ध्यांच्या आखणीचाच भाग झाला होता.

दुसरे असे की स्मार्टची जागा घेणारा खेळाडू संघात आधीच आलेला होता. डेरिक व्हाइटला बॉस्टनने 2022 च्या फेब्रुवारीत सॅन अँटोनियोकडून घेतले होते. 2022–23 मध्ये तो सर्वच्या सर्व 82 सामने खेळला, बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला आणि तीन गुणांच्या फेकीत 38 टक्क्यांवर राहिला. त्याच मायामी मालिकेतील सहाव्या सामन्यात स्मार्टची अखेरची फेक हुकली आणि शेवटच्या क्षणी ती बास्केटमध्ये ढकलून बॉस्टनला एका गुणाने वाचवणारा व्हाइटच होता. स्मार्ट गेल्यावर चेंडू अधिक वेळ त्याच्या हाती आला आणि 2023–24 मध्ये त्याने सरासरी 15.2 गुण व 5.2 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) नोंदवले. चांगला गार्ड गेला हे खरेच. पण त्याच्याहून या संघाला अधिक साजणारा गार्ड त्याच्या सावलीत बसून होता, आणि स्टीव्हन्स यांनी ते ओळखले.

त्या सौद्यात बॉस्टनला काय मिळाले, याचाही उल्लेख आरोपपत्रात नाही. पोर्झिंगिस वॉशिंग्टनहून आला, स्मार्ट मेम्फिसला गेला, आणि त्याखेरीज मेम्फिसकडून ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी, म्हणजे त्या फेरीत खेळाडू निवडण्याचे दोन हक्क, बॉस्टनकडे आल्या: 2023 ची 25 व्या क्रमांकाची आणि 2024 ची गोल्डन स्टेटची. वॉशिंग्टनला गेलेल्या दॅनिलो गॅलिनारीने दुखापतीमुळे बॉस्टनकडून एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्याबरोबर गेलेला माइक मस्काला राखीव खेळाडू होता. म्हणजे सुमारे 218 सेंटिमीटर उंच, तीन गुणांची फेक करणारा आणि बास्केटखाली बचाव करणारा खेळाडू घेताना बॉस्टनने उलट ड्राफ्टमधील निवडी कमावल्या. याला उधळपट्टी म्हणणे कठीण आहे.

पोर्झिंगिसच्या दुखापतींचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. 2023–24 मध्ये तो 57 सामने खेळला. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, पहिल्याच फेरीत त्याची पोटरी दुखावली आणि नंतर अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात घोट्याजवळची इजा झाली. त्यामुळे संघाच्या 19 प्लेऑफ सामन्यांपैकी तो केवळ 7 खेळला. पुढच्या हंगामात शस्त्रक्रियेमुळे तो नोव्हेंबरअखेरीस परतला, 42 सामने खेळला, आणि 2025 च्या प्लेऑफमध्ये आजारपणाने त्याची शक्तीच गेली होती. पण प्रश्न तो दुखावला का, हा नाही; तो दुखावू शकतो हे गृहीत धरून संघ बांधला होता का, हा आहे. तो नसताना बॉस्टनने 2024 च्या प्लेऑफमध्ये 12 पैकी 10 सामने जिंकले, कारण त्याच्याच जागी खेळणाऱ्या अल हॉरफर्डला हलवलेले नव्हते आणि ल्यूक कॉर्नेटही हाताशी होता. मग त्याची गरजच काय होती, असा उलट प्रश्न येतो. त्याचे उत्तर साखळी सामन्यांत आहे. पोर्झिंगिसने सरासरी 20.1 गुण मिळवले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रतिस्पर्ध्याने बचावात माणसे बदलून एखादा बुटका खेळाडू त्याच्यासमोर आणला की चेंडू थेट पोर्झिंगिसकडे जाई आणि त्या बुटक्या खेळाडूच्या डोक्यावरून सहज फेक होई. मायामीविरुद्ध जी उणीव बॉस्टनला नडली होती, ती यामुळे भरून निघाली. डॅलसविरुद्धच्या अंतिम फेरीचा पहिला सामनाही विसरू नये: पाच आठवड्यांहून अधिक विश्रांतीनंतर बेंचवरून येऊन 21 मिनिटांत 20 गुण, आणि पूर्वार्धातच सामन्याचा कल ठरलेला.

हॉलिडेसाठी मोजलेल्या किमतीचा हिशेब तर आरोपकर्त्यांनी पूर्ण मांडलेलाच नाही. 2023 च्या सप्टेंबरअखेरीस पोर्टलंडचा डेमियन लिलार्ड मिलवॉकीला गेला आणि त्याच सौद्यात मिलवॉकीचा हॉलिडे पोर्टलंडच्या हाती आला. तीन-चार दिवसांत बॉस्टनने त्याला उचलले. मोबदल्यात माल्कम ब्रॉगडन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी गेल्या. यांतली एक निवड म्हणजे स्मार्टच्या सौद्यात मिळालेली गोल्डन स्टेटचीच निवड होती. बॉस्टनची स्वतःची अशी एकच, 2029 ची निवड त्यात गेली. रॉबर्ट विल्यम्सवर माझा फार जीव होता, कारण निरोगी असताना त्याच्यासारखा बचाव करणारे फार थोडे आहेत. पण गुडघ्यांनी त्याला कधीच साथ दिली नाही आणि पोर्टलंडमधील पहिल्या हंगामात तो अवघे 6 सामने खेळू शकला. ब्रॉगडनचे त्याच उन्हाळ्यात क्लिपर्सबरोबर ठरत आलेले हस्तांतर त्याच्या प्रकृतीच्या शंकेमुळे फिसकटले होते.

आणि हॉलिडेने काय दिले, हे केवळ गुणांच्या सरासरीवरून कळत नाही. मिलवॉकीतील शेवटच्या हंगामात 19.3 गुण मिळवणारा हा खेळाडू बॉस्टनमध्ये 12.5 गुणांवर आला, यालाही काही जण घसरण म्हणतात. पण तो कोपऱ्यात उभा राहून तीन गुणांच्या फेकीत 42.9 टक्क्यांवर पोहोचला, त्याच्या कारकिर्दीतील ही सर्वोत्तम टक्केवारी, आणि बचावात तो गार्डपासून थेट सेंटरपर्यंत, म्हणजे बास्केटखालच्या सर्वांत उंच खेळाडूपर्यंत, कोणाहीसमोर उभा राहिला. 2024 च्या पूर्व विभागीय अंतिम फेरीत इंडियानाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात तो आजारी असताना खेळला आणि अखेरच्या काही सेकंदांत प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू हिसकावून त्याने तीन गुणांचा विजय पक्का केला. डॅलसविरुद्ध अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात 26 गुण आणि 11 रीबाउंड (हुकलेल्या फेकींनंतर पकडलेले चेंडू). भारतात हे सामने पहाटे सहाच्या सुमारास सुरू होतात. ज्यांनी ते झोप मोडून पाहिले त्यांना या माणसाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. व्हाइट आणि हॉलिडे हे दोघेही 2024 च्या बचावपटूंच्या दुसऱ्या संघात होते. एकाच संघाच्या दोन्ही गार्डनी तो मान मिळवावा आणि सुरुवातीच्या पाच जणांपैकी तीन गुणांच्या फेकीत सर्वांत कमी टक्केवारी जेलेन ब्राउनची 35.4 असावी, असा संघ उभा करणे हे त्या उन्हाळ्याचे खरे फलित आहे. दर 100 चालींमागे 122 हून अधिक गुण, म्हणजे लीगच्या इतिहासात तोपर्यंतचे सर्वाधिक, हे त्यातूनच आले.

राखीव फळी रिकामी झाली, हे म्हणणे तर पुढच्याच घटनांनी खोटे ठरवले. ब्रॉगडन 2023 चा सर्वोत्तम राखीव खेळाडू होता, हे खरे. त्याच्या जाण्याने मिनिटे मिळालेल्या पेटन प्रिचर्डने 2025 मध्ये तोच पुरस्कार बॉस्टनलाच मिळवून दिला, आणि सॅम हाउझरची तीन गुणांची फेक 42 टक्क्यांवर गेली.

सोप्या वाटेच्या आरोपावर फार वेळ घालवायला नको. प्रतिस्पर्ध्यांचे बडे खेळाडू जखमी होते हे खरे: मायामीकडे बटलर नव्हता, क्लीव्हलंडचा मिचेल आणि इंडियानाचा हॅलिबर्टन मालिकेच्या मध्यावर बाहेर पडले. बॉस्टनकडेही बहुतेक काळ पोर्झिंगिस नव्हता. साखळीत बॉस्टनने 64 सामने जिंकले आणि पूर्व विभागात दुसरे आलेले न्यूयॉर्क 50 वर होते. अंतिम फेरीत डॅलसकडे डॉन्चिच आणि अर्व्हिंग हे दोन्ही बडे खेळाडू होते, तरी मालिका 4–1 अशी संपली.

आता परतफेडीचा मुद्दा, जो सगळ्यांत अधिक पटतो आणि म्हणूनच सगळ्यांत अधिक तपासायला हवा. 2023 च्या नव्या करारनाम्याने एनबीएमध्ये ‘सेकंड एप्रन’ नावाची रेषा आखली. संघाचा पगार तिच्यापलीकडे गेला की अनेक खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, मिड-लेव्हल सवलत (पगारमर्यादेपलीकडेही मध्यम पगारावर खेळाडू घेण्याची मुभा) मिळत नाही, सौद्यात रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते, म्हणजे सौद्यात देता येत नाही, आणि संघ वारंवार पलीकडेच राहिला तर ती निवड फेरीच्या शेवटी ढकलली जाते. 2025–26 साठी ही रेषा 20.78 कोटी डॉलरांवर होती. त्या हंगामासाठी टेटमचा पगार 5.41 कोटी, ब्राउनचा 5.31 कोटी, व्हाइटचा 2.81 कोटी, हॉलिडेचा 3.24 कोटी आणि पोर्झिंगिसचा 3.07 कोटी, पाच जणांचेच जवळजवळ 19.8 कोटी. पगार आणि जादा पगारावर लीग लावते तो कर मिळून हा खर्च 50 कोटी डॉलरांच्या घरात जाणार होता.

आरोपकर्ते इथेच थांबतात आणि बोट 2023 कडे वळवतात. मग आपण 2023 चे सौदे झालेच नाहीत असे धरू. स्मार्ट, रॉबर्ट विल्यम्स आणि ग्रँट विल्यम्स बॉस्टनमध्येच राहिले, आणि ग्रँटला डॅलसने दिला तेवढाच करार बॉस्टनने दिला, असे समजू. 2025–26 मध्ये या तिघांचे मिळून साधारण 4.85 कोटी होतात. त्यात टेटम, ब्राउन आणि व्हाइट मिळवले की 18.4 कोटी, प्रिचर्ड आणि हाउझर मिळवले की 20.1 कोटी, आणि अजून सहा जागा रिकाम्याच. त्या किमान पगारावर भरल्या तरी सेकंड एप्रनची रेषा ओलांडली जाते. म्हणजे संघ मोडण्याची वेळ आणणारा भार टेटम आणि ब्राउन यांच्या सर्वोच्च करारांचा होता. ब्राउनचा 30.4 कोटींचा करार 2023 मध्ये झाला, टेटमचा 31.4 कोटींचा 2024 मध्ये, आणि हे दोन्ही करार करू नयेत असे तेव्हा कोणी गांभीर्याने म्हटले नव्हते. जुना संघ ठेवला असता तरी 2025 च्या उन्हाळ्यात हाच पेच उभा राहिला असता, फक्त तेव्हा बॉस्टनच्या मैदानाच्या छताला अठराव्या अजिंक्यपदाचे निशाण नसते. 12 मे 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये टेटमच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला आणि पुढच्या हंगामासाठी एवढा खर्च करण्याचे कारणच उरले नाही. त्या दुखापतीला तर 2023 चा कोणताही सौदा जबाबदार नाही.

भविष्य गहाण पडले असते, तर हे करार गळ्यातून उतरवताना बॉस्टनला वर आणखी काहीतरी मोठे द्यावे लागले असते. 35 वर्षांच्या हॉलिडेचा करार 2028 पर्यंत होता, तरी पोर्टलंडने त्याच्या बदल्यात अँफर्नी सायमन्स दिला. पोर्झिंगिस अटलांटाला गेला. या दोन्ही सौद्यांत बॉस्टनने पहिल्या फेरीची एकही निवड दिली नाही. 2023 च्या उन्हाळ्याचे खरोखर उरलेले देणे एकच आहे, 2029 ची ती निवड, जी पोर्टलंडने पुढे डेनी अव्हडियाला घेताना आपल्या हिशेबात वापरली. बॉस्टन 2029 मध्ये तळाला असेल तर ती महागात पडेल, वर असेल तर स्वस्तात. आणि तोवर टेटम, ब्राउन व व्हाइट यांच्याभोवती काय उभे राहते, यावरच ते ठरेल.