एक यादी, 143 फोल्डर

काम एवढंच होतं: शेअर्ड ड्राइव्हवर वर्षभर कुणाचा हात न लागलेल्या एक्सेल फाइली शोधून त्यांची नावं एका यादीत उतरवायची. पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळींचा खेळ. सकाळी महापेच्या ऑफिसात पाऊल टाकतो तोच अकाउंट्सचे काका दारात.

"अरे, तुझी यादी माझ्या जीएसटीच्या फोल्डरात काय करतेय?"

"चुकून पडली असेल, काका."

"पगाराच्या फोल्डरात पण चुकून? टीडीएसच्या पण? आणि प्रत्येकीत एकच नाव! याला यादी म्हणतात?"

काकांनी 143 फोल्डर उघडून 143 याद्यांच्या प्रिंटा काढल्या होत्या. एका पानावर एक ओळ. पंच करून, फाइलीला लावून, वर आवक क्रमांकसुद्धा! "उद्या ऑडिटवाल्यांनी विचारलं तर?" आणि कागद आमच्या डिपार्टमेंटच्या खाती.

चूक माझी, मान्य. फाइल::फाइंड, म्हणजे पर्लचं फोल्डर धुंडाळणारं मॉड्यूल, ही ठाणे-वाशी लोकल. ऐरोली, रबाळे, घणसोली करत प्रत्येक फोल्डरात थांबतं, आणि नुसतं थांबत नाही, आत उतरतं. चालू डिरेक्टरीच, म्हणजे स्क्रिप्ट ज्यात काम करते तो फोल्डरच, बदलतं. मी ओपन, म्हणजे यादीची फाइल उघडायची आज्ञा, लिहिली वाँटेडच्या आत, म्हणजे सापडलेल्या प्रत्येक फाइलीला चालणाऱ्या भागात, तेही पाथ (फाइलीचा पूर्ण पत्ता) न देता. म्हणून उतरेल तिथे नवी यादी. वर मोड '>', जो दरवेळी फाइल कोरी करतो. मग शेवटचंच नाव उरणार. '>>' दिला असता तर नावं राहिली असती, पण याद्या 143च, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली की सगळं दुप्पट. नाव घेतलं $_ मधून; त्यात चालू फाइलीचं नुसतं नाव असतं, पाथ नसतो. 'बुक1' मिळालं. आमच्याकडे बुक1 पोत्याने आहेत.

याचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. 'ऑर डाय' (ओपन फसलं तर थांब) लिहिलं होतं, चुकीचं कारण सांगणाऱ्या $! सकट. पण प्रत्येक ओपन यशस्वी! पर्लने हूं की चूं केलं नाही. बोंब मारली ती काकांनी.

आता ओपन फाइंडच्या आधी, एकदाच, पूर्ण पाथ देऊन. आत फक्त प्रिंट: $फाइल::फाइंड::नेम, म्हणजे पाथसकट नाव, आणि नवी ओळ. प्रिंटमध्ये हँडलनंतर, म्हणजे उघडलेल्या फाइलीच्या खुणेनंतर, स्वल्पविराम द्यायचा नाही. दिला तर यादी कोरी राहते आणि पडद्यावर 'ग्लोब' आणि कंसात काहीतरी अगम्य उमटत राहतं. 365 दिवसांची अट -एमने (फाइल शेवटची बदलून किती दिवस झाले ते हे सांगतं), ती मात्र $_ वरच. फाइंड संपलं की क्लोज.

यादी एकाच जागी आली. काकांना पाठवली. अर्ध्या तासाने फोन.

"अरे, पगाराच्या फोल्डरात दिसत नाहीये. टाकायची राहिली का?"