नऊ फण्यांचा नाग

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरामागे मोरीचं पाणी मुरतं, तिथे एक जवारी केळ आहे. तिला कुणी खत घातलं नाही की औषध मारलं नाही, तरी यंदा तिला 9 फण्यांचा घड लागला. केळफूल बाहेर पडल्यापासून तीन महिने मी रोज सकाळी दात घासत त्याच्यासमोर उभा राहायचो. बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढं लक्ष दिलं नव्हतं."

केळ्यांच्या कडांची धार जाऊन ती गोलसर झाली, तसा घड उतरवला. विळ्याच्या पहिल्याच घावाला चीक उडाला तो थेट पांढऱ्या शर्टावर. तो डाग अजून आहे. साबण, लिंबू, रॉकेल सगळं झालं. आता तो शर्ट केळ्यांच्या कामाचा म्हणून वेगळा ठेवलाय. केळी मोजली, 126 भरली.

हरिपूरच्या आत्याला फोन लावला. "पोत्यात गुंडाळ, आत एक पिकलेलं केळं टाक, आणि सारखं उघडून बघत बसू नको." मी दर तीन तासांनी उघडून बघत होतो. सहा दिवस केळी हिरवीगार, ढिम्म. एका हितचिंतकानं कार्बाइडची पुडी सुचवली. त्याला बंदी आहे म्हटल्यावर म्हणाला, "घरात कोण बघायला येतंय?" खाणार आम्हीच, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सातव्या दिवशी पहाटे वासानं जाग आली. पोतं उघडलं तर वरच्या फण्या पिवळ्याधमक, आणि संध्याकाळपर्यंत खालच्याही. केळं पिकायला लागलं की स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो शेजारच्या केळ्याला लागला की तेही पिकतं, आणि तेही वायू सोडतं. गावभागात एका घरी लग्न ठरल्याची कुणकुण जशी दुपारपर्यंत घाटावर पोचते, तसंच. व्यापारी पिकवणीच्या खोलीत हाच वायू मोजून सोडतात. आमच्याकडे मोजायला कोण होतं? आत्याचं पोतं!

मग वाटप सुरू झालं. पहिल्या दिवशी शेजाऱ्यांनी "अरे वा, घरची का?" म्हणून हसत घेतली. दुसऱ्या दिवशी "कालचीच आहेत अजून". तिसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडलो की समोरच्या घरातला टीव्ही बंद व्हायचा. घरात शिकरण, केळ्याचा शिरा, केळ्याची कोशिंबीर. चौथ्या दिवशी मुलानं आमटीत काहीतरी गोड लागल्याची तक्रार केली आणि बायको विषय बदलायला लागली.

एक फणी फ्रिजमध्ये ठेवून बघितली. दुसऱ्या दिवशी साल काळीठिक्कर. आत चांगली होती. पण काळं केळं खा म्हणून पोराला पटवून देणं आपल्या आवाक्यातलं नाही.

तासगावचे द्राक्षबागायतदार स्नेही आले होते. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं बघितलं. "आमचं द्राक्ष बरं. सगळी गोडी वेलावरच भरतीय. एकदा तोडलं की जेवढं गोड तेवढंच, पुढं पिकायची भानगडच न्हाई. आन् दर पडला तर बेदाणा. तुमच्या केळ्याचं काय करणार?" मी गच्चीवर चकत्या वाळत घातल्या. त्या वाळायच्या आधी मुंग्यांनी नेल्या. तेवढ्या चकत्यांपुरतं तरी कुणी आनंदानं घेऊन गेलं, हे मान्य करायला हवं.

शेवटी सत्यनारायण घालायचं ठरलं. भक्ती होतीच, नाही असं नाही, पण प्रसादात केळी पडतात हा मुद्दा जास्त वजनदार होता. गुरुजींना विचारलं, "केळी जरा जास्त घातली तर?" ते म्हणाले, "सव्वाच्या मापाचा रवा, साखर, तूप, त्यात किती मावतील? आणि चौरंगाला केळीचे खुंट चार लागतील." खुंट आमच्याकडे एकच. बाकीचे तीन बाजारातून विकत आणले, रिक्षाभाडं वेगळं.

प्रसादात 11 केळी खपली. पाहुण्यांना हात जोडून आणखी 30 दिली. घर मोकळं झालं, असं वाटून मी रात्री चौरंग उचलायला गेलो.

देवाला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आलेल्या प्रत्येकानं काही ना काही पुढ्यात ठेवलं होतं. दोन नारळ, एक चिक्कूची पिशवी, आणि बाकी सगळी अर्धा-अर्धा डझन केळी.

त्यातली बहुतेक हिरवी होती.