कोपर्निकसला कोणीही जाळले नाही

माझी भाची सहावीत आहे. विज्ञान दिनाच्या भाषणासाठी तिने एक टिपण आणले, ते घरच्या व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या संदेशातून जसेच्या तसे उतरवलेले होते: पृथ्वी सूर्याभोवती फिरते हा शोध कोपर्निकसने दुर्बिणीतून लावला, भीतीपोटी तीस वर्षे लपवला आणि तो बाहेर येताच चर्चने पुस्तकावर बंदी घालून त्याला जिवंत जाळले. हाच संदेश यापूर्वी मलाही अनेकदा आला होता आणि मी गप्प राहिलो, ती चूक होती.

आधी जाळण्याविषयी. कोपर्निकस हा स्वतःच चर्चच्या सेवेत, पोलंडमधील फ्रॉमबोर्कच्या कॅथीड्रलचा कॅनन, म्हणजे तेथील कारभार पाहणाऱ्या मंडळाचा सदस्य होता. १५४२च्या अखेरीस त्याला पक्षाघात झाला आणि २४ मे १५४३ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, तो आजारपणाने वारला. त्याला त्याच कॅथीड्रलमध्ये पुरले होते. २००५ मध्ये तेथील फरशीखाली एक कवटी व काही हाडे सापडली; कोपर्निकसने अनेक वर्षे वापरलेले एक पंचांगवजा पुस्तक स्वीडनमधील उप्साला येथे आहे, त्याच्या पानांत अडकलेल्या केसांच्या डीएनएशी त्या अवशेषांचा डीएनए जुळला, आणि २०१० मध्ये त्यांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले. जिवंत जाळला गेला तो इटालियन तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रुनो, १६०० साली रोममध्ये, म्हणजे कोपर्निकसच्या मृत्यूनंतर ५७ वर्षांनी. त्याच्यावरील आरोपही बहुतांशी धर्मसिद्धान्तांविषयीचे होते. दोन माणसांचे मृत्यू एकत्र कालवून मुलांच्या हाती द्यावेत, याचा मला संताप येतो.

बंदी आली हे खरे, पण ती १६१६ मध्ये आणि 'दुरुस्ती होईपर्यंत'. चर्चने पुढे गॅलिलिओला १६३३ मध्ये दोषी ठरवून मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले, हेही मान्य करायलाच हवे.

भीतीच्या मुद्द्यात मात्र थोडे तथ्य आहे. पुस्तक त्याने पोप तिसरे पॉल यांना अर्पण केले आणि त्या अर्पणपत्रिकेतच आपण ते जवळजवळ नऊ वर्षांच्या चौपट काळ दडवून ठेवल्याचे लिहिले. परंतु त्याने तेथे प्रथम सांगितलेली भीती ही कल्पना विचित्र वाटून लोक हेटाळणी करतील, ही आहे. शास्त्रवचनांचा विपर्यास करून टीका करणाऱ्यांचा उल्लेख पुढे येतो, तो त्यांना न जुमानण्याच्या सुरात. प्रकाशनासाठी त्याचे मन वळवणाऱ्यांत एक कार्डिनल आणि एक बिशप असे चर्चचेच वरिष्ठ धर्माधिकारीही होते.

दुर्बीण १६०८च्या सुमारास आली. कोपर्निकसने साध्या डोळ्यांनी वेध घेतले आणि बाकी सारे गणिताने मांडले. भाचीच्या भाषणात आता हेच आहे.